बोरिंगदाईचा हात

चैताची अष्टमी होती. दुपार अशी पेटलेली, की कोसमपाऱ्यातली कुत्री नालीच्या ओलीत पोटं टेकून पडली होती. रायपूरजवळच्या बीरगांवच्या पलीकडचा हा पारा, म्हणजे मूठभर घरांची वस्ती. पुरुष कारखान्यांत गेलेले, बाया कुणाच्या ना कुणाच्या कामावर. सगळ्या पाऱ्यात जाग होती ती दोघींची. आत कुमुद शिलाई मशीनवर पंडरीच्या कापडबाजारातल्या शेठच्या साड्यांना फॉल लावत होती, आणि ओट्यावर तिची सासू सुशीलाबाई उडदाच्या वड्या राखत बसली होती. चिमण्यांपासून नव्हे, चिमण्या त्या भागातून कधीच उठून गेल्या होत्या. राखायच्या त्या काळ्या भुकटीपासून. वारा फिरला की कारखान्यांच्या अंगानं ती यायची, आवाज न करता, पाहता पाहता पांढऱ्याचं करडं करून टाकायची.

मोटारसायकलवर एक माणूस आला. हँडलला रंगाचा डबा लटकवलेला. बोरिंगचा चबुतरा ओला होता म्हणून त्यानं चपला काढल्या, आणि अनवाणी पायांनी वर चढून तो हातपंप रंगवू लागला. डोक्यापासून पायापर्यंत लाल.

"काय करून राहिला रे बाबू?" सुशीलाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

त्याच्या तोंडात गुटख्याचा तोबरा होता. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि ब्रश धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. आभाळाकडे.

दाराशी आलेल्या परक्या माणसापुढं पाण्यानं भरलेला लोटा ठेवायचा, ही इकडची रीत. घरच्याला लोटा नाही, घरचा आपल्या हातानं माठातून घेतो. सुशीलाबाई आत आल्या, लोटा भरून घेऊन गेल्या. कुमुदला खिडकीतून त्या माणसाची फक्त पाठ दिसली, आणि घामानं चिकटलेल्या सदऱ्यावरचा लाल ओघळ. मग गाडीचा आवाज दूर गेला.

सुशीलाबाई बराच वेळ आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "बोलला नाही व तो. एक शब्द नाही. आज अष्टमी, पायात चप्पल नाही, आन् वर बोट करून गेला."

संध्याकाळी शेजारची बिसाहिन, जी आठवडाभर तापानं फणफणली होती, उठून बसली आणि भात मागितला. झालं. दिवेलागणीला लाल बोरिंगवर कुंकू चढलं, नवमीला दांड्याला बांगड्या लटकल्या, आणि कुमुदच्याच मशीनवर, फॉलच्या उरलेल्या कापडातून, तिची चुनरी शिवून झाली. सासूनं सांगितलं, सुनेनं शिवली. किनारीला गोटा लावताना कुमुदला छानच वाटलं होतं. पाऱ्यात देऊळ नव्हतं. आता बोरिंगदाई होती. दाई म्हणजे इकडच्या बोलीत आई.

कुमुद तुमसरकडची. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं, नरेशनं सांगितलं होतं, आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले, मोठे कारकून होते म्हणे. आता नरेश रोलिंग मिलमध्ये तापल्या सळया चिमट्यानं ओढत असे आणि पाऱ्यातले लोक त्याच्या घराला 'मराठिनचं घर' म्हणत. कुमुदला छत्तीसगढी समजायची, बोलायला लागली की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तिची पाच वर्षांची स्वरदा मात्र दोन्ही भाषा एका घासात खायची.

जेठ लागला. तळ्यात चिखल उरला. घरोघरी सरकारी नळ उभे होते, निळे, तोट्या लावलेले, आणि त्यांतून नुसता वारा यायचा. पाणी होतं ते दाईचं. गार, जिभेवर जरा गोडसर. बाया आधी तिला हात जोडायच्या, मग दांडा धरायच्या, पहिली ओंजळ लेकरांच्या तोंडाला.

स्वरदाचे गुडघे दुखायला लागले ते त्याच दिवसांत. खेळता खेळता मध्येच मातीत बसायची, पाय पोटाशी घ्यायची. कुमुद तिला कडेवर घेऊन बीरगांवच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण वयानं कुमुदपेक्षाही लहान दिसत होती. तिनं गुडघे दाबले, मग स्वरदाचे ओठ अंगठ्यानं वर केले आणि दात पाहिले.

"पानी कहाँ का पीते हैं?"

"बोरिंगचं."

"लाल किया हुआ है क्या?"

"हो," कुमुद म्हणाली. "दाई आहे ती आमची."

डॉक्टरीण हसली. कुमुद हसत नाही हे पाहून तिचं हसू हळूहळू मावळलं. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. लाल म्हणजे पिऊ नका. त्या पाण्यात फ्लोराइड आहे, जास्तीचं. ते हाडांत बसतं, गुडघे धरतं, दातांवर तपकिरी रेघा आणतं. "दूध के दाँत छोड़िए," ती म्हणाली. "पक्के दाँत अभी मसूड़ों के अंदर बन रहे हैं. हड्डी भी बन रही है. अभी रोक दिया तो बच जाएगी. लेकिन एक घूँट भी नहीं, दीदी."

परत येताना कुमुदला वाटेत बिसाहिनचा नातू दिसला. तो हसला. त्याचे दात तिनं इतक्या वर्षांत पाहिले नव्हते असं थोडंच होतं, पण आज पाहिले. तपकिरी, कडा खाल्लेल्या, जुन्या उंबऱ्यासारखे. त्याच्यामागं बिसाहिन काठी टेकत येत होती, कंबरेत वाकलेली, मान वर करता येत नसलेली. पाऱ्यातल्या साऱ्याच म्हाताऱ्या अशा वाकलेल्या होत्या. कुमुदला नेहमी वाटायचं, कष्टानं वाकल्या असतील.

तिनं स्वरदाला छातीशी घट्ट धरलं. पोरीच्या केसांना उन्हाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

"दाईवर बोट ठेवून राहिली तू?" सुशीलाबाई म्हणाल्या. "मी सासरी आली तवापासून त्याच बोरिंगचं पाणी पिऊन राहिली. मेली का मी?"

"आत्याबाई, तुमचे गुडघे बघा ना."

"वय झालं त्याले गुडघे काय करतीन?"

नरेश भिंतीला टेकून भाकरी खात होता. हातावर नवा चटका उठलेला, त्यावर हळद. "आईच्या नादी नको लागू," तो म्हणाला. "आपण आपलं दुसरं पाणी आणू. तू काहून पाऱ्याशी भांडून राहिली?"

म्हणून कुमुद दुसरं पाणी आणू लागली. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधायचे, बीरगांवच्या नळावर रांगेत उभं राहायचं, परतीला सायकल हातानं ढकलत आणायची. रस्त्यावर भनपुरीकडून येणारे ट्रक तिच्या अंगाला घासून जात. पंडरीच्या साड्या मागं पडू लागल्या, शेठ फोनवर ओरडू लागला. खांदे दुखायचे. तरी माठ भरला की तिला बरं वाटायचं.

मग एके दिवशी घरी आली तर स्वरदाची हनुवटी ओली.

"काय प्यायलीस बाळा?"

"तीर्थ," स्वरदा म्हणाली. "आजीनं दिलं. रोजच देते."

 कुमुदनं पदरानं लेकीची हनुवटी पुसली, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत. सासू वाईट नव्हती. आपल्या नातीला सगळ्यात आधी, सगळ्यात मोठी ओंजळ देत होती, एवढंच. घरात माठ बदलून भागणार नव्हतं. बोरिंगच बंद व्हायला हवी होती.

ती रायपूरला पाण्याच्या ऑफिसात गेली. पायऱ्या चढताना तिला वाटलं, आत गर्दी असेल, धक्के खावे लागतील. वर लांब व्हरांडा होता आणि दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक दारावर नावाची पाटी, प्रत्येक खोलीत पंखा फिरत होता, प्रत्येक टेबलामागं खुर्ची होती. माणूस नव्हतं. एका खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता, त्यावर धुळीची इतकी जाड साय, की त्याचा रंग कळत नव्हता. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरं भिंतीवर हलकी आपटत होती. बाकी आवाज नाही.

"किससे मिलना है?"

व्हरांड्याच्या टोकाला एकजण उभा होता. तिशीतला, डोळ्यांखाली काळं. त्यानं तिचं बोलणं ऐकलं आणि लगेच ओळखलं, "मराठी? मीही नागपूरचा. भार्गव. या, बसा."

त्याच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, हे तिला नंतरही आठवत राहिलं. "त्यांना पिऊ नका म्हणून सांगितलं नाही का?" त्यानं विचारलं.

"कोण सांगणार साहेब? रंग लावून गेला तो माणूस. त्याच्यावर एक अक्षर नाही."

"रंग आला होता," भार्गव म्हणाला. "लिहिणाऱ्याची जागा रिकामी आहे."

"मग दांडा काढून टाका ना. बंद करा."

"बंद करण्याचं या टेबलावर नाही होत." तो उठला, शेजारच्या खोलीत गेला. कुमुद मागोमाग गेली. तिथल्या खुर्चीत तो बसला, सदरा नीट केला, आणि थोड्या वेगळ्या, जरा वरच्या आवाजात म्हणाला, "बोला."

तिला कळेना. "साहेब, तुम्हीच ना?"

"याचा चार्ज माझ्याकडेच आहे. पण विषय इथला आहे." त्याला हसू आलं नाही. "बंद करायचं तर आधी दुसरं पाणी द्यावं लागतं, तसा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. दुसरं पाणी म्हणजे नळाचं. ते आमच्याकडे नाही."

"मग कोणाकडे?"

तो पुन्हा उठला. समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलामागं बसला. त्या खोलीच्या पाटीवरच्या नावाला हार घातलेला होता, सुकलेला. तिथून तो हळू बोलला, "ते अजून ठरलेलं नाही."

पंखे फिरत होते.  तिला वाटलं, हा माणूस उठून गेला तरी या खुर्च्या हेच बोलत राहतील.

"बिघडलेली बोरिंग दुरुस्त करायचं आमच्याकडे आहे," तो तिला जिन्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा पुन्हा पहिल्या आवाजात म्हणाला. "त्यासाठी गाडी आहे, माणूस आहे, फोन नंबर आहे. तेवढं चालतं." मग पायरीवर थांबून त्यानं विचारलं, "खरंच पूजा करतात? आणि… दाईचं ऐकतात?"

"माझ्या लेकीला पाजतात साहेब," कुमुद म्हणाली आणि उतरली.

त्यानंतरच्या मंगळवारी, ऐन दुपारी, पाऱ्यात सामसूम असताना, कुमुद नरेशचे पाने घेऊन चबुतऱ्यावर चढली. दुरुस्तीवाल्यांना हे काम करताना तिनं पाहिलं होतं. लोखंड असं तापलेलं, की फॉलचं कापड हाताला गुंडाळावं लागलं. तिनं बांगड्या एकेक करून काढून बाजूला ठेवल्या, चुनरी सोडली. मग पंपाच्या डोक्यावरचं झाकण उघडलं, साखळी सोडवली, आडवा आस ठोकून ठोकून बाहेर काढला. दांडा एकदम तिच्या अंगावर आला आणि ती त्याच्यासकट खाली बसली. उजवा खांदा लचकला.

पाइपात खोल कुठंतरी पाणी घसरत गेलं. आणि मग आवाज आला, लांब, सुटलेल्या श्वासासारखा. दिवसभराचं काम आटोपून एखादी बाई खाटेवर अंग टाकते तेव्हा येतो तसा.

कुमुद तशीच बसून राहिली. काळी भुकटी तिच्या हातांवर पडत होती. मग तिनं दांडा चुनरीत गुंडाळला, फरफटत घरी आणला, आणि कोपऱ्यात साड्यांच्या गठ्ठ्याखाली सारला.

तो स्वरदाला सापडायला वेळ लागला नाही. कुमुदनं पाहिलं तेव्हा पोरगी गठ्ठ्याशी उकिडवी बसली होती आणि चुनरीतून बाहेर आलेलं लोखंडाचं टोक थोपटत होती.

"आई, दाईचा हात आहे ना हा?"

"कोणाला सांगू नको हं बाळा."

"नाही सांगत. झोपलाय तो." स्वरदानं आवाज बारीक केला. "दुखत होता. सगळे ओढून राहिले होते ना."

कुमुदनं तिला मांडीवर घेतलं. त्या तिन्हीसांजेला पाऱ्यात रडारड चालली होती, बाया चबुतऱ्याभोवती उभ्या होत्या, सुशीलाबाई ओट्यावर डोकं धरून बसल्या होत्या. आणि या अंधाऱ्या कोपऱ्यात माय-लेकी त्या झोपलेल्या हाताशेजारी चिडीचूप बसल्या होत्या. कुमुदला फार दिवसांनी शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. जी ऑफिसं महिनोन् महिने उत्तर देत नाहीत, त्यांची गाडी सकाळचा स्वयंपाक उरकायच्या आत आली. बिसाहिननं नंबरावर फोन लावला होता. मिस्त्री देवीदास उतरला, चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला, नारळ फोडला, आणि कामाला लागला.

"भैया," कुमुद जवळ जाऊन हळू म्हणाली, "हे पाणी खराब आहे. तुमच्याच ऑफिसनं लाल केलं. दांडा काहून लावून राहिले?"

"दीदी, मले सांगतलं, दांडा नाही. मी दांडा आणला," देवीदास बोल्ट आवळत म्हणाला. "पाण्याचं काही माझ्या गाडीत नसते."

दांडा बसला. त्यानं दोनदा ओढला, धार आली, बायांनी हात जोडले. नवा दांडा अजून रंग न लावलेला, राखाडी, लाल अंगातून नुकताच उगवल्यासारखा दिसत होता.

"दाईले हात फुटला," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काल तोडला, आज फुटला."

आता तर तिची ख्याती बीरगांवपर्यंत गेली. शुक्रवारी मोठी पूजा ठरली. कडुलिंबाची डहाळी, लिंबं, ढोलक. बाजूच्या पाऱ्यांतूनही बाया आल्या. भर दुपारी गाणी सुरू झाली. लेकरांची रांग लागली, आणि सुशीलाबाईंनी तीर्थाचा लोटा भरून हाक मारली, "स्वरदा, ये माय. पहिली तू."

कुमुद मागं उभी होती. दाई अंगात आल्याचं सोंग करावं, हा विचार तिच्या मनात आधी येऊन गेला होता, नाही असं नाही. रात्री टाके घालताना आला होता, आणि बोटात घुसलेली सुई काढावी तसा तिनं तो काढून टाकला होता. आत्ता ती फक्त लोटा हिसकून घेणार होती. तेवढंच. तिनं पाऊल उचललं. लोट्याची कड लेकीच्या ओठांना टेकलेली तिला दिसली, ओठांमागचे ते बारीक पांढरे दात दिसले. ढोलक वाजत होती. उजव्या खांद्यातून एक कळ उठली, दंडातून खाली बोटांपर्यंत गेली, आणि हात आपोआप वर-खाली, वर-खाली होऊ लागला.

त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं.

शुद्ध आली तेव्हा ती चबुतऱ्यावर पडलेली होती. केस मोकळे, ओले. तोंडात लिंबाची आंबट चव. ढोलक थांबली होती. कुणी खोकत नव्हतं, लेकरूही रडत नव्हतं. आणि तिच्या पायांवर काहीतरी गरम होतं. ते सुशीलाबाईंचं कपाळ होतं.

"आत्याबाई, उठा," ती घाबरून म्हणाली. "पाया काहून पडता?"

सुशीलाबाई उठल्या, पण तिच्याकडे बघेनात. ती कुमुदची सासू होती. जेवताना मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारी. आता ती हात जोडून, मान खाली घालून बोलली, "दाई, चुकलो आम्ही."

घरी आल्यावर बिसाहिननं सांगितलं, दारातच बसून, आत न येता. कुमुदचा आवाज जाड झाला होता म्हणे. आणि बोलणं सगळं छत्तीसगढीत, जुन्या म्हाताऱ्या बोलतात तशा. मोर हाथ ला झन हलाव, मोला सुतन देव. माझा हात हलवू नका, दंड दुखून राहिला, मला झोपू द्या. लेकरांना माझं पाणी पाजू नका. जो पाजील त्याच्या घरची हाडं वाकतील.

"मले येते तरी का एवढी छत्तीसगढी?" कुमुद म्हणाली.

"तैं नइ बोले," बिसाहिन म्हणाली. ती तू नव्हतीस.

सांजेला सुशीलाबाई चुलीपुढं आल्या. बराच वेळ लाकडं सारत राहिल्या. "एक विचारू का व? तुले कोणी सांगतलं, का तो रंगवाला माझा लोटा तसाच ठेवून गेला? पाण्याले हात नाही लावला त्यानं. परका माणूस पाणी न पिता गेला, अपशकुन, म्हणून मी तर कोणाले बोलली नाही. नरेशलेबी नाही. तू तिथं सगळ्यांत बोलली."

कुमुदनं आठवून पाहिलं. खिडकीतून तिला पाठ दिसली होती. लाल ओघळ दिसला होता. लोटा दिसला होता का? दिसला असेल. दोरा तोडताना मान वळली असेल. असंच असेल.

बोरिंगला चुनऱ्यांनी गुंडाळून टाकलं. दांडा कापडानं खांबाला बांधला, जसा मोडलेला हात गळ्यात बांधतात. कुणी त्याला शिवेना. पाऱ्यातले पुरुष, ज्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, एकत्र जाऊन टँकर मागून आले, आणि टँकर आला. घाणेरडा, गळका, पण रोज आला. स्वरदाच्या ओठांना आता दाईचं पाणी लागत नव्हतं. कुमुदला जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

फक्त स्वरदा तिच्या मांडीवर येईना.

लांबून बघायची. जेवायची, पण घास भरवायला गेलं की आधी आईच्या डोळ्यांत निरखून पाहायची. रात्री आजीच्या कुशीत झोपायची. कुमुदचा उजवा खांदा दुखत राहिला. तेल लावलं, शेकलं, पण सकाळी उठली की वाटायचं, रात्रभर कुणीतरी हात ओढत होतं. आणि दाराशी बाया यायच्या. मुलगी नांदत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही. "दाईले विचारून दे ना." नरेश मिलवरून आला की ओट्यावर त्या बायांना पाहून मागच्या दारानं आत शिरायचा. तोही आता तिच्याशी जपून बोलत होता, अंगावर तापली सळई पडू नये इतक्या अंतरावरून.

आषाढाच्या तोंडाला, आभाळ नुसतं भरून येत होतं आणि पडत नव्हतं, तेव्हा जीप आली. भार्गव उतरला. त्यानं बोरिंगकडे पाहिलं, बांधलेल्या दांड्याकडे पाहिलं. मग कुमुदच्या ओट्यापाशी येऊन त्यानं बूट काढले, मोजेही काढले. सुशीलाबाईंनी त्याच्यापुढं लोटा ठेवला. तो पाणी प्यायला.

"इथलं काम झालं," तो म्हणाला. "लोकांनीच सोडली, म्हणून मला टँकर देता आला. आधी लोक सोडायला तयार नसतात, आणि दुसरं पाणी आल्याशिवाय मी सोडा म्हणू शकत नाही. ते कधी जुळतच नाही. इथं जुळलं."

"बरं झालं साहेब."

त्यानं लोटा खाली ठेवला. ऑफिसातल्यासारखा त्याचा आवाज कोणत्याही खुर्चीचा नव्हता. थकलेल्या माणसाचा होता. "अजून दोन पारे आहेत, पुढं. तिथंही लाल केल्यात. तिथंही चुनऱ्या चढल्या. तुमच्या इथलं ऐकूनच. मी गेलो होतो सांगायला, लोकांनी मला प्रसाद दिला." त्यानं मान खाली घातली. "लेकरं पितायत. तुम्ही याल का?"

"मी येऊन काय करू?"

 त्याचे अनवाणी पाय जोडलेले होते, हे कुमुदनं पाहिलं.

दाराच्या चौकटीला धरून स्वरदा उभी होती. तिचा समोरचा एक दात हलत होता, जिभेनं ती तो ढकलून पाहत होती. कुमुदला वाटलं, नको म्हणावं. म्हणावं, मी काही नाही केलं साहेब, मी नव्हतेच तिथं. मग तिला दुसऱ्या पाऱ्यांतली दारं दिसली, आणि प्रत्येक दाराशी ओल्या हनुवटीची एकेक पोर.

ती आत गेली. तेल लावून तिनं केस चापूनचोपून विंचरले, घट्ट वेणी घातली, आणि फॉलच्या लाल कापडाची एक पट्टी घेऊन स्वरदापुढं पाठमोरी बसली.

"बांध बाळा. घट्ट. तुझी गाठ."

स्वरदाची लहान बोटं वेणीला लागली. किती दिवसांनी. तिनं गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"ही मी कोणाला सोडू देणार नाही," कुमुद म्हणाली. "संध्याकाळी आले की तूच सोड. गाठ असली म्हणजे तुझी आईच आली समज. हो का?"

"हव," स्वरदा म्हणाली. आणि पहिल्यांदा थोडी हसली.

जीप धुरळ्यात गेली. दिवसभर आभाळ गच्च होतं. सुशीलाबाईंनी दळण केलं, नरेश आज आतच बसून राहिला, आणि स्वरदा ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होती. काळी भुकटी तिच्या फ्रॉकवर पडत होती, ती झटकत होती.

उजेड असतानाच जीप परतली. भार्गव उतरला नाही. गाडीतूनच त्यानं दोन्ही हात जोडले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की नरेशनं दारातूनच विचारलं, "झालं काम?" तर त्यानं फक्त मान हलवली. झालं होतं.

कुमुद चालत आली. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता, छातीशी, झोपलेलं मूल धरावं तसा. ओट्यापाशी येऊन ती थांबली आणि लेकीकडे पाहून हसली. मूठ उघडली. मुठीत लाल पट्टी होती. स्वरदाच्या दोन्ही गाठी त्यात जशाच्या तशा होत्या, घट्ट, न सुटलेल्या.

आणि केस मोकळे होते. पाठभर, ओले.

स्वरदानं गाठींकडे पाहिलं. केसांकडे पाहिलं. जिभेनं दात एकदा ढकलला, विचार केल्यासारखा. मग ती वळली, आत गेली, माठावरची झाकणी सरकल्याचा आवाज आला. दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, ती बाहेर आली. उंबऱ्याच्या आतच थांबली, खाली वाकली, आणि पाण्यानं भरलेला लोटा तिनं आईच्या पायांपुढं ठेवला.